अर्ज आडसाली लावावा

१९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला गेले, केंब्रिज शहरातल्या एमआयटीत यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. त्याच केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ पासून एमबीएचा अभ्यासक्रम चालवला होता. ही पदवी जगात पहिल्यांदा तिथेच सुरू झाली. शंतनुराव मात्र त्या वर्गात बसले नाहीत. कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीला त्या घडीला यंत्र समजणारा माणूस हवा होता. काय शिकायचे, कुठे शिकायचे आणि शिकून कुठे परतायचे, हे बोट निघण्याआधीच जवळपास ठरलेले होते.

शंभर वर्षांनंतर त्याच पलूस-कुंडल भागातल्या, किंवा कराड-कोरेगावच्या एखाद्या घरात एमबीएचा विषय निघतो तो साधारण उलट्या टोकाने. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली की कुणीतरी म्हणते, पुढे एमबीए करून टाक. मग राज्याच्या सीईटीचा अर्ज, मग निकाल, आणि निकालात जेवढे पर्सेंटाइल पडतील तेवढ्यात बसेल ते कॉलेज. ‘कधी’ आणि ‘कुठे’ हे दोन्ही प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. त्यांची उत्तरे वेळापत्रकाने आणि गुणपत्रिकेने परस्पर देऊन टाकलेली असतात.

आपल्या भागात उसाच्या लावणीचे तीन हंगाम सर्वांना पाठ असतात. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. आडसालीचा ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो आणि टनेजही त्यालाच जास्त पडते. बिझनेस स्कूलचा अर्ज हे आडसालीचे पीक आहे. आपल्याकडे ते सुरूच्या हंगामात लावले जाते.

हिशेब मांडून पाहू. समजा, जून २०२८ मध्ये एखाद्या आयआयएमच्या वर्गात बसायचे आहे. त्यासाठी कॅट ही परीक्षा नोव्हेंबर २०२७ मध्ये द्यावी लागेल. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या रविवारी होते आणि तिची नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात संपते. परीक्षा दोन तासांची, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग: इंग्रजी वाचन, माहितीचे विश्लेषण आणि तर्क, गणित. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला यातले गणित जमते, तर्क सरावाने येतो. अडते ते वाचनावर. चार-पाच परिच्छेदांचा, अनोळखी विषयावरचा इंग्रजी उतारा आठ-दहा मिनिटांत पचवायची सवय तीन महिन्यांच्या क्लासने लागत नाही. तिला वर्ष जाते. म्हणजे जानेवारी २०२७ पासून रोज इंग्रजी वाचन सुरू करावे लागेल. आला की नाही आडसालीचा हिशेब?

कॅटच्या मागोमाग इतर परीक्षांची रांग लागते. सिंबायोसिसची स्नॅप डिसेंबरात होते, ती तीनदा देता येते आणि सर्वोत्तम गुण धरतात. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते. आयआयएमच्या मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल चालतात. राज्याची एमबीए-सीईटी मार्च-एप्रिलच्या सुमारास येते. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात पंचाहत्तर प्रश्न तर्काचे, पंचवीस आकृत्यांचे, पन्नास गणिताचे, पन्नास इंग्रजीचे. कॅट हा विचारांचा कस आहे, सीईटी वेगाचा. एका परीक्षेची तयारी दुसरीला आपोआप चालते हा समज अर्धाच खरा. कॅटसाठी घासलेल्या मुलाला सीईटीकरिता दोन महिने घड्याळ लावून सराव करावाच लागतो, आणि नुसती सीईटीची तयारी केलेल्याला कॅटचे उतारे झेपत नाहीत.

आता हे महिने शेतीच्या पंचांगावर ठेवून पाहा. तासगाव-मिरज-पलूस पट्ट्यात द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि त्यानंतरचे दोन महिने बागायतदाराचे घर फवारणीच्या पंपामागे धावत असते. कॅटची शेवटची तयारी नेमकी तेव्हाच. जानेवारी ते मार्च द्राक्षाची काढणी, बेदाण्याचे शेड, व्यापाऱ्यांची ये-जा. मुलाखती आणि सीईटी नेमक्या तेव्हाच. घरचा मुलगा बागेत उभा राहणार हे गृहीत धरलेले असते, आणि ते चूकही नाही. पण त्या वर्षापुरता गडी लावायचा की नाही, हे घरात बसून आधी बोलले पाहिजे. अभ्यासिकेची फी भरायला जे घर मागेपुढे पाहत नाही, ते ऑक्टोबरातला मुलाचा वेळ द्यायला मात्र कचरते.

खरा घोळ असतो कागदांचा. परीक्षेच्या तयारीवर शेकडो पुस्तके निघाली आहेत. दाखल्यांवर कुणी लिहीत नाही. म्हणून इथे थोडे थांबू.

राज्याचे आरक्षण आणि केंद्राचे आरक्षण ही दोन वेगळी जगे आहेत. सातारा-सांगलीत मराठा समाज मोठा आहे. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने राज्यात त्याला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणजे एसईबीसी म्हणून दहा टक्के आरक्षण मिळाले. सीईटीनंतरच्या राज्याच्या प्रवेशात ते चालते. आयआयएम मात्र केंद्राच्या यादीने चालतात. तिथे १५ टक्के जागा अनुसूचित जातींना, ७.५ टक्के अनुसूचित जमातींना, २७ टक्के केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना आणि १० टक्के आर्थिक दुर्बलांना म्हणजे ईडब्ल्यूएसला आहेत. एसईबीसी हा रकानाच तिथे नाही. म्हणून एकाच मुलाचा राज्यातला अर्ज एसईबीसीतून आणि कॅटचा अर्ज ईडब्ल्यूएसमधून जाऊ शकतो. कुणबी नोंद सापडून दाखला निघालेला असेल तर दोन्हीकडे ओबीसी.

ईडब्ल्यूएसची केंद्राची अट नीट वाचावी लागते. कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळून वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, यात शेतीचे उत्पन्नही धरतात. शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असली तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. कृष्णाकाठची पाच एकर बागायत आणि जत किंवा माण तालुक्यातली पाच एकर कोरडवाहू माळजमीन या अटीपुढे सारखीच. हा अन्यायच आहे, पण नियम आज असा आहे. एक बारकावा मात्र उपयोगी पडतो. या नियमात कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याचे आई-वडील, जोडीदार आणि अठरा वर्षांखालील भावंडे व मुले. आजोबा त्यात येत नाहीत. त्यामुळे अर्ज करण्याआधी सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि वडिलांच्या हिश्शाला प्रत्यक्षात किती क्षेत्र येते, हे तलाठ्याकडे बसून पाहावे.

ओबीसीच्या नॉन-क्रिमिलेअरचा हिशेब उलटा. तिथे उत्पन्नाची मर्यादा लावताना पगार आणि शेतीचे उत्पन्न त्यात मिळवत नाहीत. वडील शिक्षक आणि घरची बाग म्हणून कित्येक घरे स्वतःला आधीच क्रिमिलेअर ठरवून मोकळी होतात आणि दाखला काढायलाच जात नाहीत. वडिलांचे पद वर्ग एकचे वगैरे असेल तर गोष्ट निराळी, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या मुलाने तरी चौकशी न करता हक्क सोडू नये.

हे दाखले आर्थिक वर्षाला बांधलेले असतात. ३१ मार्च उलटला की जुना कागद बहुधा शिळा होतो. म्हणजे कॅटच्या अर्जासाठीचा दाखला एप्रिलनंतरच काढायचा, केंद्राच्या नमुन्यात काढायचा, आणि राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातला वेगळा. तहसील आणि प्रांत कार्यालयात जून-जुलैला अकरावीपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांची झुंबड असते, त्यामुळे एप्रिल-मे हे महिने बरे. जात वैधता प्रमाणपत्र त्याहून वेळखाऊ. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेश मिळेल की नाही, यावर दरवर्षी नवे आदेश निघतात. त्या आदेशाची वाट पाहत बसणे म्हणजे जुगार. वैधता पदवीच्या दुसऱ्या वर्षातच काढून ठेवावी.

या दोन जिल्ह्यांतल्या दोन प्रकारच्या घरांना आणखी एक पेच पडतो. विटा-खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. मुलगा तमिळनाडूत किंवा पंजाबात शिकलेला, बोलतो माणदेशी, पण दहावी-बारावी-पदवी सगळे परराज्यातले. राज्याच्या प्रवेशात तो महाराष्ट्राचा धरला जावा म्हणून आई किंवा वडिलांचा अधिवास दाखला लागतो. गावाकडचे घर, मतदारयादी, शिधापत्रिका हे कागद जपले असतील तर काम सोपे, नाहीतर मुलगा देशभरातल्या उमेदवारांच्या मोजक्या जागांवर जाऊन पडतो. दुसरे घर फौजींचे. साताऱ्यात मिलिटरी अपशिंग्यासारखी गावेच आहेत. आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राज्याच्या प्रवेशात संरक्षण दलाच्या जागा असतात. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र आधी हाताशी हवे.

आता ‘कुठे’.

आपल्याकडची व्यवस्थापन महाविद्यालये कशी उगवली, हे थोडे माहीत असावे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असलेल्या वसंतदादा पाटलांनी, म्हणजे सांगलीच्याच माणसाने, विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याआधीच १९७६ मध्ये ए. डी. शिंदे यांनी कोल्हापुरात सायबर ही संस्था सुरू केली होती. आज साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची कर्मवीर भाऊराव पाटील व्यवस्थापन संस्था आहे, सांगलीत राजवाडा चौकात भारती विद्यापीठाची संस्था आहे, राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एमबीए आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे. घरून ये-जा करता येते, फी बेताची, शिष्यवृत्ती मिळते.

माझे मत स्पष्ट आहे. घरचा व्यवसाय पाहायचा असेल, जिल्ह्यातल्या बँकेत, दूध संघात, कारखान्यात काम करायचे असेल, तर जवळची चांगली संस्था निवडण्यात काहीच कमीपणा नाही. ओळखी इथेच होणार आणि धंदाही इथेच. पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीत जायचे स्वप्न धरून, पदवी संपल्या संपल्या, कुठलाही अनुभव नसताना, मिळेल त्या खासगी संस्थेत दोन वर्षे आणि काही लाख घालणे, हा सौदा बहुतेकदा आतबट्ट्याचा ठरतो. अशा मुलाने दोन वर्षे नोकरी करावी. चाकणला, पुण्यात, शिरवळच्या कारखान्यात, गरज पडली तर मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर. त्या दोन वर्षांत पैसा साठतो, इंग्रजी सुधारते, मुलाखतीत बोलायला काहीतरी हाती येते.

राज्यात सीईटीच्या जोरावर मिळणाऱ्या जागांमध्ये मुंबईचे जमनालाल बजाज हे शिखर. मुंबई विद्यापीठाने ते १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीने उभारले. तिथे नव्व्याण्णवच्या पुढचे, दशांशातले पर्सेंटाइल लागतात. त्याखाली मुंबईचे सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा विभाग अशी उतरंड. प्रत्येक फेरीचे कटऑफ सीईटी कक्ष जाहीर करतो. मागच्या तीन वर्षांचे आकडे उतरवून घेतले तर कॉलेजच्या जाहिरातीची गरज उरत नाही. पसंतीक्रम भरताना एकच पथ्य. पहिल्या क्रमांकावर तेच लिहावे जे मिळाल्यावर खरोखर घेणार आहात, कारण पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेरीत चांगले शोधायची मुभा राहत नाही.

देशपातळीवर पाहताना फक्त आयआयएमकडे बघू नये. दिल्ली विद्यापीठाचा एफएमएस हा विभाग कॅटवर प्रवेश देतो आणि त्याची दोन वर्षांची फी अहमदाबादच्या फीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. अहमदाबादची पंचवीस लाखांच्या पुढे गेली आहे. आपल्या मातीतल्या मुलांसाठी आणखी एक दालन आहे, ज्याकडे फार थोडे जण वळतात. पुण्याची वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था कृषी-व्यवसायाचा अभ्यासक्रम चालवते. हैदराबादची मॅनेज ही संस्था कृषी पदवीधरांना घेते. अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममध्ये अन्न व कृषी व्यवसायाचे स्वतंत्र वर्ग आहेत. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला स्थापन केलेली इर्मा २०२५ च्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली आहे. हळदीच्या पेठेत, बेदाण्याच्या सौद्यात, साखर कारखान्याच्या सभेत लहानपण गेलेल्या मुलाला या मुलाखतींत सांगण्यासारखे जे असते, ते गुरुग्रामच्या मुलाकडे नसते. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मालाला बाजारात नेणारी माणसे इथूनच तयार व्हायला हवीत.

पैशाचे दोन शब्द. राज्याच्या शुल्क सवलती केंद्रीभूत फेऱ्यांतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू होतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काचा अर्धा भार हलका होतो आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने अशा घरांतल्या मुलींना पूर्ण शुल्कमाफी मिळाली. संस्थापातळीवरच्या जागेवर, किंवा विद्यापीठाबाहेरच्या पीजीडीएम पदविकेला गेलात की हे सगळे हातचे जाते. बेदाणा विकून एकरकमी पैसे आले म्हणून एजंटाच्या सांगण्यावरून अशी जागा धरणाऱ्यांनी आधी दोन्ही फींचा फरक मांडून पाहावा. आयआयएमसारख्या संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची घाई करू नये.

परदेशाचे थोडक्यात. अमेरिकी बिझनेस स्कूलमध्ये अर्ज फेऱ्यांत घेतात: पहिली सप्टेंबरात, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला, शेवटची एप्रिलच्या आसपास. शेवटच्या फेरीपर्यंत जागा आणि शिष्यवृत्त्या संपत आलेल्या असतात, व्हिसालाही वेळ उरत नाही. आपल्या मुलाने पहिल्या दोन फेऱ्यांतच अर्ज करावा. जीमॅटचे गुण पाच वर्षे चालतात, इंग्रजीच्या टोफेल-आयेल्ट्सचे दोनच. म्हणून जीमॅट नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात, अभ्यासाची सवय सुटण्याआधी देऊन ठेवणे शहाणपणाचे. हार्वर्डसारख्या वर्गात सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. हैदराबादच्या आयएसबीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमालाही दोन वर्षांचा अनुभव लागतो. अशा संस्थांत शिफारसपत्र प्राचार्यांचे नव्हे, रोज काम पाहणाऱ्या वरिष्ठाचे मागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. तेव्हापासून तिथली नोकरी गृहीत धरून साठ-सत्तर लाखांचे कर्ज काढणे फारच धाडसाचे झाले आहे. शासनाची परदेशी शिष्यवृत्ती (अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची) मिळते का, हे पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

एक वर्ष थांबावे का, हा प्रश्न सीईटीच्या निकालानंतर घराघरात निघतो. नुसते घरी बसून पुन्हा परीक्षा देणे मला पटत नाही. मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षाबद्दल हमखास विचारतात. नोकरी धरून थांबणे मात्र जवळपास नेहमीच फायद्याचे. मुलींच्या बाबतीत हा सल्ला घरचे वेगळ्याच कारणाने उडवून लावतात: थांबली तर स्थळे येऊ लागतील. त्यावर एवढेच सांगता येईल की व्यवस्थापनाच्या वर्गात मुलींचे प्रमाण वाढावे म्हणून बऱ्याच आयआयएम निवडीत त्यांना जादा गुण देतात. दोन वर्षे काम केलेल्या मुलीचा अर्ज त्या यादीत बराच वर जातो.

तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षात असाल तर अभ्यासाचे पुस्तक पुढच्या आठवड्यात घेतले तरी चालेल. या आठवड्यात वडिलांना बरोबर घेऊन तलाठ्याकडे आणि प्रांत कार्यालयात जा, आणि कुठले दाखले कुठल्या नमुन्यात लागतील याची यादी लिहून आणा.